रेल्वे उद्यानातील जुन्या इंजिनाचा रंग खरवडावा की थांबावे? स्वयंसेविकेला मदत हवी आहे

नमस्कार.

गेले आठ महिने मी दर रविवारी एका ऐतिहासिक रेल्वे उद्यानात स्वयंसेविका म्हणून काम करते. तिथे वाफेची दोन इंजिने, एक सागवानी डबा, चार मालवाहू वाघिणी आणि तारेने ओढले जाणारे जुने सिग्नल आहेत. यांतले काहीही आता चालत नाही. सगळे रुळांच्या एका छोट्या तुकड्यावर, उघड्यावर उभे आहे. मी व्यवसायाने लेखापरीक्षक आहे आणि यंत्रांचे शिक्षण मला नाही, त्यामुळे पहिले काही महिने रुळांमधले गवत काढणे, पितळी पाट्या पुसणे आणि येणाऱ्या मुलांना इंजिनाच्या पायऱ्या चढताना हात देणे एवढेच मी केले, आणि मनापासून केले. आता मात्र माझ्याकडे असे काम आले आहे की ते चुकले तर पुन्हा दुरुस्त करता येणार नाही, म्हणून जाणकारांची मदत मागत आहे.

दोन इंजिनांपैकी लहान इंजिन उद्यानाच्या वर्धापनदिनाआधी नव्याने रंगवायचे ठरले आहे. हातात सहा आठवडे आहेत. आम्हा पाच जणांना सूचना अशी आहे की जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडून काढावा, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरावी, प्रायमर लावावा आणि वरून चकचकीत काळा रंग द्यावा.

तिसऱ्या रविवारी मी ड्रायव्हरच्या केबिनच्या डाव्या बाजूला, खिडकीखाली काम करत होते. वरचा काळा रंग निघाल्यावर राखाडी थर लागला, त्याखाली दुसरा, अधिक मंद काळा, आणि त्याखाली विटकरीकडे झुकणारा तांबडा. त्या तांबड्यावर काडेपेटीतल्या काडीएवढी बारीक पिवळी रेघ होती. ती कुंचल्याने हाताने ओढलेली आहे हे उघड दिसत होते, कारण एका ठिकाणी ती किंचित जाड झाली होती. ओढणाऱ्याने बहुधा तिथे हात थांबवून कुंचला पुन्हा रंगात बुडवला असावा. तळहाताएवढ्या त्या जागेपुढे मी बराच वेळ बसून राहिले आणि त्या दिवशी पुढे काम केले नाही.

आमच्या हिशेबाच्या कामात चुकलेली नोंद खोडरबराने पुसत नाहीत. ती वाचता येईल अशी एका रेघेने छाटतात आणि शेजारी नवी नोंद करतात. इंजिनाच्या बाबतीत आम्ही मात्र सगळी वहीच पाण्यात धुऊन काढत आहोत असे मला वाटते. आमचे संयोजक वाईट हेतूने हे करत नाहीत. गंजलेले, पोपडे सुटलेले इंजिन पाहून लोक हळहळतात आणि निघून जातात, हा त्यांचा अनुभव आहे, आणि तो खरा आहे.

दुसरी गोष्ट त्याच दिवशीची. चाकांना जोडणाऱ्या कपलिंग रॉडवरचे घट्ट झालेले ग्रीस मी चिंधीने पुसले, तेव्हा खाली ठोशाने उमटवलेला क्रमांक दिसला. केबिनवरच्या पाटीवर जो क्रमांक आहे, तो हा नव्हे. एका सहकाऱ्याने लगेच निष्कर्ष काढला की पाटी खोटी आहे. मला तसे म्हणवत नाही, पण खुलासाही करता येत नाही.

आणखी काही गोष्टी मला स्वस्थ बसू देत नाहीत. सर्वांत खालचा थर शेंदरी आहे. पहिले दोन रविवार आम्ही कोरड्या पॉलिश पेपरने घासत होतो, तोंडाला फक्त रुमाल होता, आणि घरी आल्यावर माझ्या बाह्यांवर शेंदरी धूळ होती. बॉयलरवरचा पातळ पत्रा खालच्या बाजूला फाटला असून त्यातून पांढरट, कापसासारखे काहीतरी लोंबते आहे. ‘ते ओढून काढून टाका’ असे कुणीतरी म्हणाले होते, अजून कुणी हात लावलेला नाही. आणि इंजिनाच्या पुढच्या तोंडाचे गोल दार उघडले तेव्हा आत वीतभर ओली राख होती.

माझे मुख्य विचारणे असे आहे: हा रंग खरवडणे थांबवावे का, आणि थांबवावे तर संयोजकांना न दुखावता, त्यांचा वर्धापनदिन न बिघडवता पर्याय काय सांगावा? उद्यान सोडून जाण्याचा विचार माझ्या मनात नाही.

प्रतिसाद १ (रेल्वे कार्यशाळेतील निवृत्त फिटर)

ताई, आधी क्रमांकाचे सांगतो, कारण ते सोपे आहे. पाटी खोटी नाही. मोठ्या दुरुस्तीसाठी इंजिन कार्यशाळेत आले की त्याचे रॉड, चाके, बॉयलर सगळे सुटे होत असे, आणि एकाच वर्गाची अनेक इंजिने एकाच वेळी उघडलेली असत. ज्याचा रॉड आधी तयार झाला तो ज्या इंजिनाला हवा त्याला बसवून इंजिन बाहेर काढत. म्हणून भागांवर क्रमांक ठोकलेले असतात, आणि म्हणूनच ते एकमेकांशी जुळत नाहीत. १९२३ मध्ये बांधलेल्या, जगभर ओळखल्या जाणाऱ्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाने आयुष्यात १४७२, ४४७२, १०३, ६०१०३ असे क्रमांक वागवले, आणि बराच काळ त्याच्यावर दुसऱ्याच वर्गाच्या इंजिनाचा बॉयलर होता. तुमच्या रॉडवरचा क्रमांक म्हणजे तुमच्या इंजिनाच्या सोबत्याची खूण आहे. तो भाग रंगाने बुजवू नका. रॉड पूर्वी घासूनपुसून तेलात ठेवत असत, तेव्हा रंगाऐवजी ग्रीसचा पातळ हात द्या.

आता राखेचे. माझ्या मते तुमच्या इंजिनाला रंगाच्या आधी ती काढण्याची गरज आहे. कोळशाच्या काजळीत गंधक असते. धुराड्यातून पावसाचे पाणी आत आले की त्याचे आम्ल होते आणि ते स्मोकबॉक्सचा, म्हणजे त्या गोल दारामागच्या कप्प्याचा, तळ व नळ्या बसवलेली पुढची जाड प्लेट आतून खाते. बाहेरून इंजिन आरशासारखे चमकत असते आणि आत बोट आरपार जाते, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. राख काढा, तळ कोरडा करा आणि धुराड्यावर टोपी बसवा, पण हवा खेळेल एवढी फट ठेवा. राख काढताना दाराच्या कडेची जुनी दोरी मात्र उचकू नका, बॉयलरखाली लोंबणाऱ्या त्या पांढरट गोष्टीप्रमाणे तीही ॲस्बेस्टॉसची, म्हणजे श्वासातून आत गेल्यास घातक ठरणाऱ्या तंतुमय खनिजाची, असू शकते. बॉयलरमध्ये पाणी साचले आहे का तेही जाणकाराकडून पाहून घ्या, असेल तर काढून वॉशआउट प्लग (बॉयलर धुण्याच्या भोकांची बुचे) उघडे राहू द्यावेत. ताडपत्री थेट इंजिनावर बांधू नका. खाली दमटपणा कोंडतो आणि गंज दुप्पट वेगाने धरतो. वर छप्पर आणि बाजू मोकळ्या, एवढे पुरते.

तुम्ही विचारले नाही, तरी विचारतो. चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावले आहेत का? लोखंड लोखंडावर फार सहज फिरते. रोलर बेअरिंगच्या वाघिणीला चालू लागायला २०० मीटरला १ मीटर उतारही पुरेसा होऊ शकतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दोन बफरांच्या (इंजिन-डब्यांच्या टोकांना असलेल्या, धक्का झेलणाऱ्या दांड्यांच्या) मधून वाकून पलीकडे जाण्याची सवय कुणाला असेल तर ती आजच मोडा. इंजिन कित्येक वर्षे हललेले नाही, हे कारण पुरेसे नाही.

प्रतिसाद २ (संग्रहालयातील वस्तुसंवर्धनाचे काम करणारी सदस्य)

सर्वप्रथम, तो पांढरट कापूस. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरभोवती उष्णता धरून ठेवण्यासाठी विसाव्या शतकात ॲस्बेस्टॉसचे वेष्टन मोठ्या प्रमाणावर वापरले जात असे, त्यामुळे तपासणी होईपर्यंत ते ॲस्बेस्टॉसच आहे असे धरून चालावे. ओढू नका, झाडू नका, त्या बाजूला काम करू नका, आणि मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. नमुना घेणे हेही परवानाधारक व्यक्तीचेच काम आहे. हे लेखी कळवा. या एका मुद्द्यावर संयोजकांच्या मनाचा विचार करत थांबू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

शेंदरी थराबाबत तुमची शंका योग्य आहे. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, आणि लोखंडावरचा पहिला हात म्हणून तो अनेक दशके सर्वत्र वापरला गेला. वरच्या रंगांतही शिसे असू शकते. म्हणून कोरडे घासणे, तारेचा यांत्रिक ब्रश आणि ज्योतीने रंग जाळणे, हे तिन्ही बंद करा. घासायचेच असेल तर पाणी लावून, सूक्ष्म कण अडवणारा आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घालून घासा. रुमालाचा उपयोग नाही. कामाचे कपडे उद्यानातच बदला, वेगळे धुवा, आणि हात-तोंड धुतल्याशिवाय काहीही खाऊ नका. घरी लहान मूल असेल तर ही काळजी अधिक घ्या. दोन रविवारांच्या कामाने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण डॉक्टरांना सांगून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.

आता रंगाचे, ज्यासाठी तुम्ही खरे तर लिहिले आहे. होय, थांबा. पण थांबणे म्हणजे इंजिन तसेच गंजू देणे नव्हे. गंजलेल्या भागावर मूळ रंग उरलेलाच नसतो. तिथे गंज काढून प्रायमर लावायला काहीच हरकत नाही. जिथे जुना रंग पत्र्याला घट्ट धरून आहे, तिथे तो हलक्या हाताने धुवावा, कडा बारीक पेपरने ओल्या घासाव्यात आणि त्यावरच नवा रंग द्यावा. खालचे थर मग सुरक्षित राहतात. वर्धापनदिनाला इंजिन काळेभोर दिसेल आणि खालचा इतिहासही शाबूत राहील. संयोजकांना हे सांगताना वेळेचा हिशेब मांडा, कारण सगळे इंजिन पत्र्यापर्यंत खरवडण्यापेक्षा हे काम पुष्कळ लवकर होते.

तुम्हाला सापडलेल्या जागेचे मात्र नीट दस्तऐवजीकरण करा. तिच्या शेजारी, रुपयाएवढ्या वर्तुळात, पाणी लावून, क्रमाक्रमाने बारीक पेपरने उतरते घासले की प्रत्येक थराचे एक कडे दिसू लागते, झाडाच्या बुंध्यावर दिसते तसे. शेजारी मोजपट्टी आणि रंगपत्रिका ठेवून सावलीत छायाचित्र घ्या. फ्लॅशने रंग फसवा येतो. जुने व्हार्निश पिवळे पडते आणि खालचा रंग बदलून दाखवते, त्यामुळे ‘हाच तो तांबडा’ असे एका जागेवरून ठरवू नका. पाटीच्या मागे, कंसांच्या खाली, केबिनमधल्या पेटीच्या आत पाहा. ऊन-पावसापासून वाचलेला रंग तिथे सापडतो.

आणि ‘स्वयंसेवकाने कितपत बोलावे’ हा संकोच सोडा. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, आणि स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली ती पहिली रेल्वे. या क्षेत्राची सुरुवातच तुमच्यासारख्यांनी केलेली आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद (दोन आठवड्यांनंतर)

दोघांचेही मनापासून आभार. ॲस्बेस्टॉसबद्दल मी त्याच रात्री लेखी कळवले. त्या बाजूला आता दोरी बांधून फलक लावला आहे आणि तपासणीसाठी परवानाधारक माणसाला बोलावले आहे. माझी रक्त-तपासणी झाली, काळजीचे कारण नाही. बाकीच्या चौघांनाही ती करून घ्यायला सांगितले आहे.

गुटक्यांबद्दल विचारलेत ते फार बरे केलेत. इंजिनांना होते, पण एका वाघिणीला एकाच बाजूने होते आणि तेही कुजलेले. आता सगळ्यांना दोन्ही बाजूंनी नवे बसवले आहेत. राख काढली, पाच घमेली भरली. स्मोकबॉक्सच्या तळाला एका ठिकाणी नाण्याएवढे भोक पडलेले आहे, त्यातून खालचे रूळ दिसतात. ते संयोजकांना दाखवले तेव्हा त्यांनी वाकून बराच वेळ आत पाहिले, आणि धुराड्याची टोपी आधी, रंग नंतर, असे स्वतःच म्हणाले. तांबड्या रंगाचे बोलणे मग सोपे गेले. घट्ट रंग आता कुणी खरवडत नाही.

एक प्रश्न उरला आहे. पाटी उतरवली, तेव्हा तिच्या मागे तोच तांबडा रंग ओंजळीएवढ्या जागेत जवळजवळ नव्यासारखा मिळाला. संयोजकांची इच्छा आहे की पाटी बिजागरीवर बसवावी, म्हणजे ती उघडून लोकांना मूळ रंग दाखवता येईल. मला कल्पना आवडली, पण वारंवार उघडल्याने ऊन आणि दमट हवा लागून तो रंग बिघडेल का? त्यावर पारदर्शक लेप द्यावा की न देता फक्त पाटीच्या आतल्या कडेला मऊ पट्टी लावावी? पाटी सध्या माझ्याकडे कापडात गुंडाळून ठेवली आहे, आणि पुढच्या रविवारी ती परत बसवायची आहे.