स्वार्थ नेमका कुणाचा?

"मूल नको म्हणणारे स्वार्थी" असं बरेच जण म्हणतात, ते मला काही पटलं नाही. स्वार्थ म्हणायचा तर कुणाचं तरी काही हिरावलं जायला हवं. जे जन्मालाच आलं नाही, त्याचं काय हिरावलं? उलट मूल हवं असण्याची कारणं ऐका: म्हातारपणाचा आधार, वंशाचा दिवा, घर खायला उठतं. यात मुलाचा विचार कुठे आहे? (आम्हाला दोन आहेत, आणि ती परोपकार म्हणून झालेली नाहीत, हे कबूल.)

पोप फ्रान्सिस यांनीही जानेवारी २०२२ मध्ये मुलांऐवजी कुत्री-मांजरं पाळण्याला स्वार्थ म्हटलं होतं. स्वतः ब्रह्मचारी असून!

मूल नसलेल्यांच्या विरोधातला पेन्शनचा मुद्दा मात्र वजनदार आहे. बऱ्याच देशांत निवृत्तांचं पेन्शन आज कमावणाऱ्यांच्या वर्गणीतून जातं, म्हणजे उद्या तो भार इतरांची मुलं उचलणार. लोकसंख्या टिकायला दर स्त्रीमागे सरासरी २.१ मुलं लागतात. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये हा आकडा ०.७२ होता. पण मूल नसलेला माणूसही इतरांच्या मुलांच्या शाळांसाठी आयुष्यभर कर भरतोच की. तो हिशेब कुणी मांडत नाही.