अमूर्त चित्रात सोलापुरी चादरीचे तुकडे: नक्षीचे काय करावे?

प्रश्न (पूर्व भाग, सोलापूर)
नमस्कार. मी ॲक्रिलिक रंगांत अमूर्त चित्रे करते. अलीकडे आमच्या भागातील यंत्रमागांवर उरणारे सूत, चादरींच्या कापलेल्या किनारी आणि जॅकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) बाद झालेली पंचकार्डे, म्हणजे भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे, कॅनव्हासवर लावू लागले आहे. परंतु चादरीचा तुकडा लागताच पाहणाऱ्याचे लक्ष रंगांवरून उठून थेट नक्षीवर जाते आणि चित्र शहराची जाहिरात वाटू लागते. ही ओळख पुसून टाकावी का? आणि असे काम टिकते का?

उत्तर १ (निवृत्त कलाशिक्षक)
ताई, हा प्रश्न मिश्रमाध्यमाच्या, म्हणजे रंगांसोबत इतर वस्तू वापरणाऱ्या चित्रांच्या, जन्माइतकाच जुना आहे. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीची नक्षी छापलेले मेणकापड आपल्या स्थिरचित्रात चिकटवले, तेव्हा ती कारखान्यातील नक्षी त्याने लपवली नाही. तिच्याभोवती रंगाचे असे फटकारे मारले की खरे काय आणि रंगवलेले काय, हा संशयच चित्राचा विषय झाला. इटलीचे आल्बेर्तो बुर्री मूळचे डॉक्टर. १९५०च्या सुमारास त्यांनी गोणपाट फाडून, ठिगळे लावून, टाके घालून चित्रे केली, आणि त्यांत गोणपाट गोणपाटच राहिले. म्हणून ओळख पुसू नये, असे माझे ठाम मत आहे. तिला चित्रातील इतर घटकांशी झगडायला लावावे. चादरीची उलटी बाजू वापरून पाहा. तिथे रंगांची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे परिचित नक्षीही अनोळखी वाटते.

उत्तर २ (पुणे)
टिकाऊपणाबद्दल लिहितो. कच्च्या सुतावर तैलरंग थेट लावू नका, कारण जवसाच्या तेलामुळे धागा कालांतराने कमजोर होऊन ठिसूळ होतो. आधी ॲक्रिलिक प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) थर द्यावा. रंगीत तुकडे प्रथम धुऊन रंग जातो का ते पाहावे. जाड चादरीचे वजन ताणलेल्या कॅनव्हासवर झोळ आणते, त्यामुळे मोठ्या कामासाठी प्लायवूडचा आधार बरा. शक्य असेल तिथे गोंदाऐवजी टाके घाला. पुढे दुरुस्ती करताना टाका उसवता येतो.

उत्तर ३ (सोलापूर)
सरांच्या मताविषयी आदर राखून थोडे वेगळे सांगते. मागाशी नाते जोडण्यासाठी चादर चिकटवलीच पाहिजे, असे नाही. भारतीय अमूर्त चित्रकार नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांनी मागावर ताणलेल्या धाग्यांची छायाचित्रे काढली होती, आणि शाई-पेन्सिलीने कागदावर आखलेल्या त्यांच्या रेषांतही तोच ताण, धाग्याधाग्यांतील तेच मोजके अंतर मला दिसते. त्या चित्रांत कापडाचा एक धागाही नाही. आपल्याकडची पंचकार्डे मला चादरीपेक्षा अधिक आशादायक वाटतात. त्यांतील भोके म्हणजे कोणता उभा धागा उचलायचा याची आज्ञा असते, पण पाहणाऱ्याला तिथे फूलही दिसत नाही आणि मोरही दिसत नाही. उरते ती केवळ भरलेल्या आणि रिकाम्या जागांची लय. ती आयती अमूर्त आहे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. पंचकार्डांवर पातळ रंगाचे थर देऊन भोकांतून खालचा रंग दिसू देण्याचा विचार करते आहे. कार्डाचा पुठ्ठा पाण्याने फुगू नये म्हणून त्यालाही दोन्ही बाजूंनी प्रायमर द्यावा का, हे पुण्याच्या सदस्यांनी कृपया सांगावे.

उत्तर २
होय, दोन्ही बाजूंनी द्यावा, आणि भोकांच्या कडांनाही. एकाच बाजूला दिल्यास पुठ्ठा वाकतो.