टर्बो गाडी आणि इ-२०: एवढी बोंब कशासाठी?

टर्बोतात्या
इ-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून गाडीवेडी मंडळी इथेनॉलच्या नावाने बोटं मोडतायत. पण कोनिगसेग येस्को ही स्वीडनची सुपरकार बघा: साध्या पेट्रोलवर १२८० अश्वशक्ती, इ-८५ वर (८५ टक्के इथेनॉल) १६००. इंजिन तेच! इथेनॉलचं ऑक्टेन (दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता) १०८ च्या आसपास, आणि वाफ होताना ते भरपूर उष्णता ओढून घेतं. सिलिंडरमधली हवा थंड राहते, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब वाढवला तरी नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) होत नाही. अमेरिकेतली इंडीकार शर्यत २००७ पासून इथेनॉलवर चालते. मग आपल्याच गाड्यांना ते विष कसं?

घाटवळण
तात्या, गोष्ट इ-८५ ची सांगताय, आमच्या टाकीत पडतंय इ-२०. येस्कोचे पंप, इंजेक्टर, मॅप (इंधन किती आणि ठिणगी कधी हे ठरवणारं संगणकातलं कोष्टक) सगळं इथेनॉल धरून बनवलंय. किलोभर पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. माझी २०१८ ची टर्बो सेडान इ-१० वर बेतलेली. नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग पुढे नेणार ते मॅपमध्ये लिहिलंय तेवढंच. ताकद वाढणार नाही, ॲव्हरेज मात्र पडणार. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अशा चारचाकींना ६-७ टक्के घट धरलीय.

टर्बोतात्या
मग रीमॅप करून घ्या की.

घाटवळण
आणि वॉरंटी तुम्ही देणार? शिवाय उद्या मिश्रण बदललं की मॅप पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठी इथेनॉलचं प्रमाण ओळखणारा फ्लेक्स-फ्युएल सेन्सर लागतो, तो आपल्या किती गाड्यांत आहे?

कोकणकडा
माझी वीकेंडची गाडी पावसाळाभर उभी असते. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, ते टाकीच्या तळाशी बसलं की संपलं.

टर्बोतात्या
पाणी वेगळं होण्याआधी इ-२० ते इ-१० पेक्षा जास्त पचवतं, हे कोणी सांगत नाही. जुन्या गाडीत खरी काळजी रबरी नळ्या आणि सीलची. ते तपासून घ्या.

उसाचा फड
शिरोळहून लिहितोय. तुमच्या अश्वशक्तीचं चालू द्या, पण इथेनॉलचे पैसे साखर कारखान्याला लवकर मिळतात आणि आमची उसाची बिलं त्यावर निघतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, तेव्हा गाडीवाल्यांपैकी कोणी ओरडलं नाही. आता तर इथेनॉलमध्ये मकाही वाटेकरी झालाय.

घाटवळण
दादा, भांडण तुमच्याशी नाहीच. त्याच २०२१ च्या अहवालात मिश्रित इंधनाला करसवलत सुचवली होती. पंपावर ती कुठे दिसते? लिटरमागे ऊर्जा कमी, भाव तोच. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. इ-१० चं एक नोझल ठेवायला काय जातं?

टर्बोतात्या
नोझलला अनुमोदन. येस्कोचा मुद्दा मात्र सोडत नाही.