बातमीतली अडचण आणि त्यातून उभा राहिलेला धंदा : तुमचे अनुभव सांगा

धागा काढायचं कारण आधी सांगते. मी आणि माझा भाऊ पुण्यात धायरी-नऱ्हे भागात पाण्याच्या टाक्या धुवायचं काम करतो आणि हे काम सुरू झालं ते पेपरातल्या बातमीवरून.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, पुण्याजवळचं नांदेड गाव, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे (गुइलेन-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) पेशंट सापडायला लागले, आणि खराब पाण्यातून होतोय असं म्हणत होते. रोज पहिल्या पानावर आकडा यायचा, आज इतके, व्हेंटिलेटरवर इतके. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची, मी इतकी घाबरले होते की तिला शाळेतसुद्धा घरून उकळलेलं पाणी द्यायचे. सासरे गावाकडे ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करायचे, ते फोनवर म्हणाले, "अगं, उकळतेस ते बरोबर आहे पण ओटी टेस्ट केलीस का?" मला हे काय असतं तेच माहीत नव्हतं. ते आले तेव्हा ती छोटी बाटली घेऊनच आले. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, दोन-चार थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. खाली सोसायटीत टँकर लागला होता, त्याच्या पाण्याला पिवळा रंग आला. मग आमच्या किचनच्या नळाचं पाणी घेतलं, तर काही नाही, होतं तसंच पांढरं. म्हणजे टँकरपासून नळापर्यंत येईतो क्लोरीन संपलं. गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडलं, तळाला चार बोटं गाळ आणि कडेला हिरवं शेवाळ, क्लोरीन सगळं तिथेच खपत होतं. सात वर्षं आम्ही त्या बिल्डिंगमध्ये राहतोय, टाकी कुणी धुतलेली आठवत नाही.

भावाने आधी आमची धुतली, मग शेजारच्या विंगची, आणि मग लोकांनी नंबर दिले एकमेकांना. नुसता माणूस आत उतरवून ब्रश मारायचा तसं आम्ही करत नाही. पाणी काढायचं, गाळ पंपाने ओढायचा, घासायचं, प्रेशरने धुवायचं, सगळं घाण पाणी बाहेर, मग क्लोरीनचं पाणी मारून ठेवायचं, आणि शेवटी काम झाल्यावर घरातल्या बाईसमोर नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करून दाखवायची. ती पिवळी नळी बघूनच लोक शेजाऱ्याला सांगतात. जमिनीखालच्या टाकीत उतरायच्या आधी ब्लोअर लावून हवा खेळती करतो, दोर बांधून एक जण वर उभा, हे मी कधीही सोडू देत नाही, दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील.

फेब्रुवारीत रोज दहा-बारा फोन यायचे. एप्रिलमध्ये बातम्या थांबल्या आणि फोनही थांबले. तेव्हा पोटात गोळा आला कारण प्रेशर पंप हप्त्यावर घेतलेला. मग आम्ही सोसायट्यांशी वर्षाचं बोलायला लागलो, दर चार महिन्यांनी धुणार, टेस्टचा आकडा नोटीस बोर्डवर लावणार. आता पंधरा सोसायट्या आहेत. त्यावर घर चालतं.

तर मला विचारायचंय की अशा आपल्या भागातल्या बातमीवरून तुम्ही काय सुरू केलं, पैसे नक्की कोण देतं आणि कुठे अडलात. फसलेलं असेल तरी लिहा, ते जास्त कामाचं.

—

सांगलीहून :

ताई, २०१९ चा महापूर. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोका पातळी ४५. माझं मिरजेत टू-व्हीलर सर्व्हिसिंगचं दुकान. पाणी उतरायला लागल्यावर आम्ही चार पोरं दोन प्रेशर वॉशर आणि जनरेटर टेम्पोत टाकून गेलो गावभागात, मारुती चौकात. तो चिखल ज्यानं बघितलाय त्यालाच कळंल. ओला हाय तोवर निघतो, दोन दिवस ऊन लागलं की सिमेंटसारखा बसतो, मग टिकावानं काढायचा. एका किराणा दुकानात शटर उघडलं तर आत तांदळाची पोती फुगून फुटलेली, तेलाचे डबे उलटे, आणि त्यो वास, आठवडाभर जेवण जात नव्हतं. त्या दिवसांत आम्ही एक रुपया घेतला नाही. आपल्याच गावचं लोक, घ्यायचं कसं?

धंदा त्यात नव्हताच. धंदा दिसला तो सहा महिन्यांनी. एक व्यापारी मामा म्हणाले, "पाणी येणार हे आम्हाला दोन दिवस आधी कळालं होतं रे. कोयनेतनं किती सोडलं ते टीव्हीवर दाखवत होते. पण माल हलवायला हमालही मिळंना अन् टेम्पोही, सगळे एकदमच मागायला लागले." हे वाक्य डोक्यात बसलं. २०२० च्या मे महिन्यात मी कुपवाडला एक मोकळं शेड भाड्यानं घेतलं, तीन टेम्पोवाले आणि बारा हमाल बांधून घेतले आणि बाजारपेठेतल्या दुकानदारांकडं गेलो. जून ते सप्टेंबर ठरावीक रक्कम द्यायची, पुलाजवळ पाणी ३५ फुटांवर गेलं की विचारत बसायचं नाही, आम्ही थेट माल उचलणार. इशारा पातळी ४० ची, म्हंजे पाच फूट हातात राहतात. पहिल्या वर्षी सातच जण तयार झाले. पूर आला नाही, तर दोघं म्हणाले पैसे वाया गेले. मग जुलै २०२१ ला परत पाणी आलं आणि आमच्याकडं होते त्यांचा माल कुपवाडात कोरडा.

आता वर्षभर चालणारं काम म्हणजे दुकानातलं फर्निचर. खालचे दोन कप्पे लोखंडी, प्लाय वापरायचं नाही, वजनकाटा आणि फ्रीज चाकावर, लाईटचा बोर्ड छातीच्या वर. ते जास्त चालतं खरं तर.

—

ठाण्याहून :

वरचं वाचून मनातलं विचारते, राग मानू नका. लोकांचं नुकसान झालंय, माणसं गेलीत, आणि आपण त्यात संधी शोधायची हे मला नीट पचत नाही. तुम्ही लोकांनी स्वतःला काय उत्तर दिलंत?

—

सांगलीहून :

राग कशाचा ताई, आईनं पण हेच विचारलं होतं. मी एवढंच ठरवलंय की पाणी घरात असताना दर लावायचा नाही. पाणी यायच्या आधी जे काम करतो त्याचे पैसे रोख घेतो, आणि ते घेताना मान खाली जात नाही.

—

इचलकरंजीहून :

फसलेला अनुभव मागितलाय म्हणून लिहिते. पंचगंगेत दर उन्हाळ्यात जलपर्णी, दर उन्हाळ्यात तोच फोटो पेपरात, नदी आहे की हिरवं मैदान कळत नाही. आमच्या बचत गटाने ठरवलं की या जलपर्णीच्या टोपल्या, पर्स, चटया करायच्या. कच्चा माल फुकट, प्रश्नही सुटणार, पेपरात आमची पण बातमी आली फोटोसकट. सगळे कौतुक करत होते आणि आम्हालाही वाटलं आता झालंच.

पहिला धक्का वजनाचा. जलपर्णीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. ट्रॉलीभर आणून वाळत घातली तर हातात आलं दोन पोती. दुसरं म्हणजे विणायला देठ लांब लागतो, निदान हातभर, आणि आमच्याकडे गाठीगाठीचा आखूड देठ जास्त, तो वळवला की तुटतो. तिसरं वास. नदीत काय काय येतं ते सगळ्यांना माहिती आहे, धुऊन वाळवून सुद्धा टोपलीला वास राहायचा आणि गिऱ्हाईक नाकाजवळ नेऊन खाली ठेवायचं. आणि सगळ्यात मोठं जे आम्ही आधी विचारातच घेतलं नाही ते म्हणजे जूनमध्ये पहिलं मोठं पाणी आलं की सगळी जलपर्णी वाहून जाते, कच्चा माल गायब. पुण्याच्या एका दुकानाने दिवाळीसाठी पाचशे नग सारख्या मापाचे मागितले, आमच्याकडे ऑगस्टमध्ये शंभराचाही माल नव्हता. सहा महिन्यांत बंद केलं. अकरा बायकांचे मिळून एक लाख चाळीस हजार गेले, ते फेडायला दोन वर्षं लागली.

मी नंतर खूप विचार केला. जलपर्णीचा त्रास सगळ्या गावाला, पण ती निघावी म्हणून खिशातून पैसे देणारं कोण होतं? कुणीच नाही. आम्ही प्रश्न बघितला, गिऱ्हाईक बघितलंच नाही. तुमच्याकडून टाकी धुऊन घेणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकराची काळजी आहे म्हणून ती पैसे देते.

—

लातूरहून :

२०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, एप्रिल महिना, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. देशभर बातमी. आमच्या गल्लीत तेव्हा घागरीवरून भांडणं होत होती, नळ येईना, बोअर आटलेले, आणि ज्याच्याकडं चार पैसे होते त्यानं टँकर घेतला. माझ्या मामानं पण कर्ज काढून घेतला, मी नको म्हणत होतो पण धंदा डोळ्यासमोर दिसत होता त्याला. सप्टेंबर-ऑक्टोबरला पाऊस असा लागला की मांजरा धरण भरलं आणि टँकर दारात उभा. तीन वर्षं उभाच होता, टायर बसले.

मी प्लंबिंगचं काम करायचो. मला एका मास्तरांनी हिशोब घालून दाखवला की एक हजार स्क्वेअर फुटाच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर वाया जाणारं वजा करून सुद्धा पन्नास हजार लिटर पाणी पडतं. ते आपण नाल्यात सोडतो आणि मे महिन्यात टँकर मागवतो. तेव्हापासून गच्चीचं पाणी पाइपानं खाली, जाळी-वाळूचा फिल्टर आणि तिथून बोअरला, हे करून देतो. लोक पावसाळ्यात ऐकत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये टँकरचं दुसरं बिल आलं की ऐकतात, मी त्याच वेळी जातो. पहिल्या पावसाचं पाणी बोअरला सोडायचं नाही, बाहेर काढायचं, गच्ची धुऊन जाऊ द्यायची, हे प्रत्येकाला हातात कॉक धरून शिकवतो, नाहीतर बोअर खराब होतं आणि नाव आपलं जातं.

—

डोंबिवलीहून :

कबुतरांच्या जाळ्या. २०२५ ला दादरच्या कबुतरखान्याची बातमी गाजली तेव्हा माझ्या दिराचा फोन दोन आठवडे बंद पडत नव्हता. पण काम तो आधीपासून दहा वर्षं करतोय. एवढंच सांगते की जाळी स्वस्त असते, पैसे बाहेरून दोरावर लटकणाऱ्या माणसाचे असतात. त्याचा विमा काढलेला नसेल तर हे काम सुरू करू नका.

—

छत्रपती संभाजीनगरहून :

२०१८ चा कचरा, तेव्हाचं औरंगाबाद. नारेगावच्या लोकांनी डेपोवर गाड्या येऊ द्यायच्या बंद केल्या आणि शहरात रस्त्यारस्त्यावर ढीग. मिटमिट्याला दगडफेकसुद्धा झाली. माझी मेस होती विद्यार्थ्यांची, रोजचं खरकटं चाळीस किलो, ठेवायचं कुठे? मित्राच्या प्लॉटवर ड्रममध्ये खत करायला घेतलं आणि उत्साहात आजूबाजूच्या चार हॉटेलांचंही घ्यायला लागलो.

तीन आठवड्यांत त्या प्लॉटवर उभं राहवेना. आंबूस वास, ड्रमच्या कडेने अळ्या बाहेर चालत आलेल्या, आणि शेजारच्या आजी काठी टेकत आल्या न् म्हणाल्या, "बाबा, नारेगाव इथंच आणलंस का?" मला रडू आलं, खरंच. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मग एका नर्सरीवाल्या काकांनी शिकवलं की नुसतं ओलं टाकायचं नाही, एक थर ओला तर त्यावर सुका पाला किंवा भुसा, खाली पाणी निघायला जागा, आठवड्याला वरखाली करायचं. मुठीत दाबलं की हात ओला व्हावा पण पाणी ठिबकू नये, एवढीच ओल. आजींच्या अंगणातला पाला मी अजून नेतो.

पैशाचं सांगायचं तर खत विकून काही सुटत नाही. वर्षभर तेच करत बसलो, दहा रुपये किलोने पण लोक घासाघीस करतात. मग उचलण्याचे पैसे घ्यायला लागलो. मंगल कार्यालयात लग्न झालं की रात्री अकराला दोनशे किलो अन्न-पत्रावळी, सकाळी दुसरी पार्टी येणार, त्या मॅनेजरला तो ढीग पहाटेआधी हलवायचाच असतो. तो देतो. खत आता शेतकऱ्यांना जवळपास फुकट जातं.

—

ओतूरहून :

आमच्या जुन्नर तालुक्यात बातमी एकच, बिबट्या. ऊस आणि बिबट्या. मी मोटार रिवाइंडिंगवाला. प्रत्येक हल्ल्याच्या बातमीत एक ओळ असतीच की रात्रीची लाईट होती म्हणून पाणी द्यायला गेला होता. ती ओळ वाचून मी मोबाईल स्टार्टर बसवायला लागलो, घरातनं मिस्ड कॉल दिला की मोटार चालू. साधे ऑटोस्विच मी बसवत नाही, लाईट आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात आणि डीपी (शेतातला ट्रान्सफॉर्मर) जळतो, मग पंधरा दिवस कुणालाच पाणी नाही. डीपीवरचा ताण कमी व्हावा म्हणून प्रत्येकाला कपॅसिटर लावायला सांगतो.

बरेच बसवले. पण मागच्या थंडीत एका घरी गेलो तर त्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, मोटार घरातून चालू होती, पण बारं बदलायला हे अजून रात्री दोनला जात्यातच की." बरोबर होतं त्यांचं. बारं बदलायचं म्हंजे एका भागाचं पाणी बंद करून दुसऱ्याला सोडायचं, त्याला कॉक फिरवायला माणूस लागतोच. आता ठिबकला मोबाईलवर चालणारे व्हॉल्व्ह मिळतात ते बघतोय, पण एकराला खर्च झेपंना लोकांना. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एकाच पाइपलाईनवर बसवलं तर किती पडंल याचा हिशोब चालू आहे. कुणी असं एकत्र मिळून केलं असेल तर खर्च कसा वाटून घेतला तेवढं इथं लिहा.