मदत हवी आहे: टॉम विल्यम्स यांच्यावर लेख लिहितोय, दोन शब्दांपाशी अडलोय

नमस्कार मंडळी,

गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी ब्रिटनचे शेतीमंत्री टॉम विल्यम्स यांच्यावर लेख लिहितोय. माणूस मूळचा कोळशाच्या खाणीतला मजूर. १९२२ ला यॉर्कशायरमधल्या डॉन व्हॅलीतून मजूर पक्षातर्फे निवडून आले, ते १९५९ पर्यंत तिथेच टिकले. मतदार खाणकामगार, पण संसदेत यांनी शेतीचा विषय धरून ठेवला. दुसऱ्या महायुद्धात शेतीखात्यात उपमंत्री, आणि १९४५ ते ५१ पंतप्रधान ॲटलींचे शेतीमंत्री.

१९४७ चा शेती कायदा त्यांचाच. गहू, बटाटे, दूध, अंडी यांना हमीभाव, आणि दर फेब्रुवारीला शेतकरी संघटनेसोबत बसून भावाचा आढावा. पहिल्या महायुद्धातली धान्यभावाची हमी सरकारने १९२१ ला काढून घेतली होती. तो घाव शेतकरी विसरले नव्हते, म्हणून या वेळी कायदाच केला. आपल्याकडे हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, त्यामागे कायदा नाही. हे लिहिताना हात थांबतो माझा.

आता अडचण. विल्यम्सच्या या कायद्यात मालकाने जमीन सोडायची नोटीस दिली, तर कुळाने महिन्याच्या आत हरकत घ्यायची. मग काही अपवाद सोडले तर मंत्र्याच्या संमतीवाचून नोटीस लागू होत नसे. अशा कुळाला ‘संरक्षित कूळ’ लिहावं, तर वाचणाऱ्याला आपला १९४८ चा कूळ कायदाच आठवणार. आमच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा जुना उतारा आहे, कुळाच्या रकान्यात त्यांचं नाव. आमच्याकडे ‘कूळ’ म्हटलं की १ एप्रिल १९५७, कसणारा मालक झाला तो दिवस. विल्यम्सच्या कायद्यात मालकी मालकाकडेच राहिली, कूळ खंड भरत राहिलं, फक्त उठवता येईना. हा फरक एका शब्दात कसा पकडू?

दुसरा शब्द, कायद्यातला ‘गुड हजबंड्री’, त्याहून अवघड. कुळाने रान तणमुक्त ठेवायचं, कस टिकवायचा, कीड आवरायची, जनावरं नीट सांभाळायची. यात कसूर झाली तर संरक्षण जायचं. ‘मशागत’ म्हटलं तर नांगरट-कुळवणीच डोळ्यासमोर येते. आई ‘रानाची निगा’ म्हणते, मला तेच आवडलंय, पण कायद्याच्या संदर्भात चालेल का?

महसूल खात्यात काम केलेले किंवा कुळाच्या घरातले कोणी असाल तर जरूर सांगा. तुमच्या भागातला जुना शब्दही चालेल. अंक पुढच्या रविवारी बांधायचा आहे.