'डार्क फँटसी'ला मराठीत काय म्हणायचं? (भय, धास्ती, किळस वगैरे)

टळटळीत:
मंडळी एक शब्द पाहिजे, 'डार्क फँटसी'ला, म्हणजे ज्यात अद्भुत जग आणि भीती एकत्र येते त्या पुस्तकांना. आमची इथली सोलापूरची चारदोन वाचणारी माणसं पार्क चौकात चहाला जमतो, वाचलेल्या पुस्तकांची मराठीत यादी करायचं ठरलं आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली, कारण एकानं 'काळी कल्पनारम्य' लिहून ठेवलं. आता ह्यात रम्य काय आहे ते सांगा. ख्रिस्तोफर ब्यूलमनची 'बिट्वीन टू फायर्स' घ्या, आहे २०१२ ची पण लोकांना सापडली आत्ता आत्ता. १३४८ सालचा फ्रान्स, प्लेगनं गावंच्या गावं बसलेली, एक पत गेलेला सरदार एका अनाथ पोरीला घेऊन निघालाय आणि वर देवदूत नि सैतानांचं युद्ध पेटलंय. नदीतल्या त्या जनावराचा प्रसंग वाचून कुणी रम्य म्हणत असेल तर त्याला माझा नमस्कार. बरं भयकथा म्हणावं तर तेही पुरं पडत नाही, भीती वाटतेच पण तोंडात बोटही जातं.

आणि खरं सांगायचं तर माझी तक्रार दुसरीच आहे. आपण सगळ्याला 'भय' म्हणून मोकळे होतो. अलीकडचं बरंचसं हॉरर वाचून मला भीती वाटतच नाही, किळस येते. सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाची 'मेक्सिकन गॉथिक' (२०२०) बघा, १९५० च्या दशकातला मेक्सिको, डोंगरावरचा ओल धरलेला वाडा, जेवताना कुणी बोलायचं नाही असा घरचा नियम. हे जे अर्धं पुस्तक आहे ना, त्यात नुसत्या त्या मुक्या जेवणानं जीव टांगणीला लागतो. मग भिंतीतली बुरशी पुढं येते, तिचं सगळं स्पष्टीकरण होतं, आणि तिथून पुढं मी फक्त नाक मुरडत वाचली. पुस्तक वाईट नाही पण अर्ध्यात जात बदलते. पहिल्या भागाला धास्ती म्हणेन, दुसऱ्याला किळस. दोन्हीला एकच 'भय'?

कडक भाकरी:
काय वाचलालास बे. हॉरर म्हन की सरळ. दुकानात जाऊन 'एक कृष्णकल्पनारम्य कादंबरी द्या' म्हनलास तर तो मालक पंचांग काढून देईल.

कोशवाला:
हसण्यावारी नेऊ नका, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर आपल्याकडं जुनंच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत, शांत नंतर आला. त्या आठात भयानक वेगळा, बीभत्स वेगळा, अद्भुत वेगळा. भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा म्हणजे तुमची किळस, आणि अद्भुताचा विस्मय म्हणजे ते तोंडात बोट. म्हणजे टळटळीत यांनी जे तीन धागे वेगळे केले ते तिन्ही तिथं आहेत. ब्यूलमन म्हणजे भय अधिक अद्भुत, संधी केला तर 'भयाद्भुत'. बुरशी आली की बीभत्स.

गंमत म्हणजे इंग्रजीतही हा वाद जुना आहे. अ‍ॅन रॅडक्लिफ, गॉथिक कादंबऱ्यांवाली, तिचा एक लेख तिच्या मरणानंतर १८२६ मध्ये छापून आला, त्यात तिनं 'टेरर' आणि 'हॉरर' ह्यांत फरक केलाय. टेरर माणसाची जाणीव ताणून मोठी करतो, सगळं अंग जागं होतं, आणि हॉरर तिला आकसून गोठवतो. पहिल्यात काय आहे ते नीट दिसत नसतं, दुसऱ्यात ते समोर येऊन उभं राहिलेलं असतं. आता मराठीत बघा, धास्ती पुढं काय होईल याची असते. धसका झाल्या गोष्टीचा बसतो. धडकी क्षणभर भरते. आपली भाषा ह्या बाबतीत श्रीमंत आहे, आपणच कंजूषपणा करून सगळीकडं 'भयानक' लिहितो, पाणीपुरी सुद्धा भयानक भारी असते हल्ली.

शेंगाचटणी:
'भयाद्भुत' वाचायला छान आहे पण बोलून बघा, जीभ अडखळते. आणि आपल्या लेखकांनी काय म्हटलं तेही बघायला नको का? नारायण धारप म्हटलं की भयकथा, रत्नाकर मतकरी म्हटलं की गूढकथा. हे दोन शब्द नुसते लेबल नाहीत, वाचनालयात कपाटापाशी उभं राहून लोक त्याच नावानं मागतात. मतकरींच्या कथेत भूत असेलच असं नाही, माणसाच्या डोक्यातलंच काहीतरी वाकडं झालेलं असतं, म्हणून गूढ बरोबर बसतो. धारपांकडं मात्र एखादी शक्तीच असते आणि तिच्याशी झुंजायला त्यांच्या 'समर्थ' ह्या नायकासारखा माणूस. माझ्या मते तुमची ती डार्क फँटसी धारपांच्या जवळची आहे.

'तुंबाड' (२०१८) चं उदाहरण घ्या. राही अनिल बर्वे यांच्या त्या सिनेमाचं बी धारपांच्याच एका कथेत आहे. पण सिनेमात हस्तर नावाचा देव आहे, तो कुठल्या पुराणात नाही, रचलेला आहे. त्याची आई, त्याचं सोनं, त्याची भूक, पिठाच्या बाहुल्या, सगळा नवा पुराणाचा डोलारा उभा केलाय. भयपट म्हणून तिकीट काढलं आणि बघितली पुराणकथा. मग 'भयपुराण' का नको?

टळटळीत:
भयपुराण! हे आवडलं. पण पुराण म्हटलं की लोकांना वाटतं लांबड लावलीय. (काही मालिका-कादंबऱ्यांना ते लागू आहे म्हणा, सातशे पानं झाली तरी नकाशातला पहिला डोंगर ओलांडत नाहीत.)

पूर्वभाग:
आमच्या घरात तेलुगू बोलतात, आजोबा मागावर होते, तर आमच्यात भुताला 'दय्यम'. लहानपणी आई 'दय्यम वच्चिंदि' म्हणायची आणि आम्ही गपगार. शेजारी कन्नड घर, त्यांच्यात 'देव्वा'. आता सोलापुरात मराठी पोरांबरोबर खेळताना हे तिन्ही एकदम चालायचं आणि मराठी पोरांना कळायचंच नाही की देव्वा आला म्हणजे पळायचं का हात जोडायचे. दय्यम तर संस्कृत 'दैव'वरूनच आलाय. एकच नाव एकीकडं देव आणि एकीकडं भूत, हीच मला वाटतं डार्क फँटसीची खरी जागा आहे. हस्तर काय, तो फ्रान्समधला सैतान काय, दोघं मूळचे वरच्याच घरातले.

कोशवाला:
क्या बात है. असंच 'अघोर'चंही झालंय. मूळ अर्थ 'जो घोर नाही तो', शंकराच्या पाच मुखांपैकी एकाचं नाव. आणि आज अघोरी म्हटलं की अंगावर काटा.

कडक भाकरी:
मग 'घोरकथा' म्हना की. जिवाला घोर लावती ती घोरकथा.

शेंगाचटणी:
आणि वाचता वाचता झोप लागली तरी नाव बरोबरच 😄

गड्ड्याचा पाळणा:
हसू नका, घोर शब्द एका ठिकाणी फिट्ट बसतो, 'ग्रिमडार्क'ला. तो शब्दच आला वॉरहॅमर ४०,००० ह्या खेळाच्या घोषवाक्यातून, १९८७ चा खेळ, दूरच्या भविष्यातल्या घोर अंधारात फक्त युद्धच आहे अशा अर्थाचं ते वाक्य. पुढं त्याच नावानं कादंबऱ्यांचा अख्खा प्रकार ओळखला जाऊ लागला, जो अ‍ॅबरक्रॉम्बी वगैरे. त्यात भूताखेताची भीती नसते, सगळेच हलकट असतात आणि शेवटी कुणाचंच भलं होत नाही. ती डार्क फँटसी नव्हे, ह्या दोघी सख्ख्या नाहीत, चुलत आहेत. यादीत एका ओळीत लिहू नका.

बाकी मला एक वेगळंच विचारायचंय. मराठीतली सगळी भीती कोकणातच का राहते? पाऊस, विहीर, फणस, पडका वाडा. आपल्याकडं पाऊस पडतोच किती. आमच्या अक्कलकोटकडच्या आजीच्या गोष्टीत भूत रात्री यायचंच नाही, भर दुपारी बाराला यायचं, ऊन रणरणतंय, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि लांब बांधावर कुणीतरी उभं. 'डार्क' म्हणजे अंधार असं धरून शब्द काढाल तर ही भीती कुठं बसवणार? म्हणून 'काळी', 'कृष्ण', 'तमस' असले सगळे शब्द माझ्याकडून बाद.

टळटळीत:
माझं टोपणनाव उगीच नाही ठेवलेलं 🙏 पूर्ण सहमत. टी. किंगफिशरची 'व्हॉट मूव्ह्ज द डेड' (२०२२) मला त्याचसाठी आवडली. एडगर अ‍ॅलन पोच्या १८३९ च्या कथेवर बेतलेली, हिच्यातही बुरशीच, शेवटी दिलेल्या टिपणात लेखिका 'मेक्सिकन गॉथिक'चं नावही घेते. पण तिची भीती बुरशीची नाही, सशांची आहे. ससे ससे असल्यासारखे वागत नाहीत, बस्स, बसून बघत राहतात. रात्र नाही, रक्त नाही. तीच ती बांधावरची आकृती. ह्याला मी किळस म्हणणार नाही, शंभर टक्के धास्ती.

पूर्वभाग:
सीमाभागातला शब्द राहिलाच की, भानामती. घरावर दगड पडतात, घडी घातलेले कपडे आपोआप पेटतात, असल्या गोष्टी सोलापूर, मराठवाडा, बिदर आणि कलबुर्गीकडं ऐकत मोठे झालो. पण तो शब्द कथेसाठी वापरू नये असं मला वाटतं. त्या नावाखाली बायकांना छळलंय, मारलंय, त्यासाठीच २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागला. मनोरंजनाच्या पाटीवर तो नको.

त्यापेक्षा 'बाहेरचं' घ्या. 'तिला बाहेरचं झालंय' म्हणतात ते. काय झालंय, कुणाचं झालंय, काही सांगत नाहीत, नुसतं बाहेरचं.

कोशवाला:
हा शब्द सोन्यासारखा आहे आणि तो 'कॉस्मिक हॉरर'ला द्या. लव्हक्राफ्ट ह्या अमेरिकन भयकथाकाराचं सगळं भय तेच होतं, माणसाच्या जगाबाहेर काहीतरी अफाट आहे आणि त्याला माणसाचं बरंवाईट काहीच पडलेलं नाही. 'वैश्विक भय' असं भाषांतर मी वाचलंय, ते खगोलशास्त्राच्या तासासारखं वाटतं. 'बाहेरच्याची गोष्ट' म्हटलं की आजीलाही कळतं. फरक एकच, आपल्याकडच्या बाहेरच्याला लिंबू चालतं, लव्हक्राफ्टच्याला काहीच चालत नाही.

शेंगाचटणी:
बरं मग यादीत काय लिहिलं शेवटी?

टळटळीत:
भांडण झालं. शेवटी 'डार्क फँटसी' देवनागरीतच ठेवलं, भयपुराणाला तीन मतं होती, भयाद्भुताला एक (कोण ते ओळखा). पण शेजारी नवा रकाना काढला, 'काय वाटतं', आणि त्यात धास्ती, किळस, विस्मय यांपैकी लिहायचं. दोन दिवस झकास चाललं. मग एकानं स्टीफन ग्रॅहम जोन्सची 'द बफेलो हंटर हंटर' (२०२५) आणली. ब्लॅकफीट जमातीचा एक माणूस व्हॅम्पायर होतो, १९१२ मध्ये एका पाद्र्यापुढं आपली हकिगत सांगायला बसतो, आणि मागं आहे १८७० चं मरायस हत्याकांड, जे खरंच घडलेलं आहे, अमेरिकन सैन्यानं थंडीत छावणीतली बायकापोरं सुद्धा मारली. रक्त ढीगभर आहे पण किळस नाही येत. धास्ती म्हणावं तर जे व्हायचं ते होऊन गेलंय. रकाना तीन दिवस रिकामा आहे.

कोशवाला:
करुण लिहा.

कडक भाकरी:
व्हॅम्पायरच्या पुस्तकापुढं करुण लिवला तर कोन नेनार बे ते. माझ्याकडं द्या आदी, वाचून सांगतो.