देणगी आमची, औषध त्यांचं?

गुणाकार (धागाकर्ता)
मुलांच्या आजारांवरचं संशोधन म्हटलं की चित्र ठरलेलं. रुग्णालयाकडे पेशंट, विद्यापीठाकडे प्रयोगशाळा आणि दोघांसाठी झोळी घेऊन फिरणारी धर्मादाय संस्था. करारावर सह्या होतात, फोटो निघतो. माझा प्रश्न फोटोनंतरचा आहे.

सिस्टिक फायब्रोसिसचंच घ्या. फुप्फुसात चिकट कफ साठत जाणारा आनुवंशिक आजार. अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने २००० च्या सुमारास एका छोट्या कंपनीच्या औषधशोधात देणगीचे पैसे घातले. ती कंपनी पुढे व्हर्टेक्स या औषधकंपनीने घेतली. २०१२ साली पहिलं औषध आलं, २०१४ साली फाउंडेशनने आपले रॉयल्टीचे हक्क ३.३ अब्ज डॉलरना विकले. आणि २०१९ साली आलेल्या तीन औषधांच्या मिश्रणाची तेव्हाची छापील किंमत? वर्षाला सुमारे ३ लाख ११ हजार डॉलर. ज्या आईबापांनी देणगीचे डबे फिरवले, त्यांच्यातल्या कित्येकांना हा आकडा ऐकून खाली बसावं लागलं असेल.

माझं मत सरळ आहे. पहिला चेक फाडण्याआधीच संस्थेने किमतीची, माहिती खुली ठेवण्याची आणि निकाल कळवण्याची अट लिहून घ्यावी. समोरचा तयार नसेल तर पैसे देऊ नयेत.

वाफाळता
साफ असहमत. १९५० च्या दशकात हा आजार असलेली मुलं शाळेत जायच्या वयापर्यंतसुद्धा क्वचितच पोचायची. आज त्यांच्यातले कितीतरी जण नोकरी-संसार करतायत. किमतीची अट घातली असती तर औषध स्वस्त झालं असतं असं तुम्ही गृहीत धरताय. औषध झालंच नसतं, ही शक्यता कुठे गेली? फाउंडेशनने पैसे घातले तेव्हा मोठ्या कंपन्या या आजाराकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. शिवाय सुमारे दहा टक्के रुग्णांना त्यांच्या जनुकातल्या बदलामुळे ही औषधं लागूच पडत नाहीत. त्यांच्यासाठी शोध चालू ठेवायला पैसा कुठून आणायचा? त्याच रॉयल्टीतून.

गुणाकार
मग पोलिओचं काय? अमेरिकेत १९३८ साली सुरू झालेल्या संस्थेने लोकांकडून दहा-दहा सेंटची नाणी गोळा केली, पिट्सबर्ग विद्यापीठात साल्क यांच्या पोलिओ लशीच्या कामाला पैसे दिले, १९५४ साली अठरा लाखांच्या आसपास मुलांना घेऊन चाचणी केली. लशीवर पेटंट नाही. झालं की नाही?

वाफाळता
झालं, कारण लस प्रत्येक घरात हवी होती. आणि तयार करायला शेवटी कंपन्याच लागल्या. तुमच्या दुर्मिळ आजाराची गिऱ्हाइकं एका बसमध्ये मावतील.

नमुना_सात
पैशावरची हमरीतुमरी चालू द्या, मी दुसऱ्या टोकाचं सांगते. मी रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे संमतीपत्र घेऊन पलंगाशी जाणारी बाई. कागद चौदा पानी. पहिल्या पानावर तीन बोधचिन्हं एका ओळीत, रुग्णालयाचं, विद्यापीठाचं, संस्थेचं. एकदा एका आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सही नाही केली तर उद्याचं सलाईन लागेल ना?"

मी अर्थातच हो म्हटलं. पण तिला तो प्रश्न पडला, कारण सकाळी राउंडला येणारे डॉक्टर आणि ट्रायलचे प्रमुख एकच होते. आम्ही याला भागीदारी म्हणतो. तिच्या जागेवरून ती सगळी एकच इमारत दिसते, नाही म्हणायला दार नसलेली. नऊ वर्षांच्या मुलाची वेगळी संमती घ्यायची असते, तीसुद्धा त्याने आईच्या चेहऱ्याकडे बघून दिलेली असते.

लिव्हरपूलच्या 'ऑल्डर हे' बालरुग्णालयाचं प्रकरण आठवून बघा. १९८८ ते १९९५ या काळात तिथे विद्यापीठाच्या प्राध्यापकाने दगावलेल्या मुलांचे अवयव पालकांना न सांगता काढून ठेवले होते. २००१ साली चौकशीचा अहवाल आला, त्यात रुग्णालय आणि विद्यापीठ दोघांवर ठपका होता. माणूस विद्यापीठाचा, शवागार रुग्णालयाचं, आणि लक्ष ठेवायचं काम दोघांनाही दुसऱ्याचं वाटलं. ब्रिटनमध्ये २००४ चा मानवी ऊतींचा कायदा आला तो यातूनच. तेव्हा गुणाकार, तुमच्या अटींच्या यादीत किंमत खुशाल ठेवा, पण उपचार करणाऱ्याने संमती मागायची नाही, ही अट तिच्याही वर लिहा.

खडूस_हिशेबनीस
नमुनाताई, ही अट कागदावर छान दिसते. पण असे आजार जाणणारे डॉक्टर मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उपचार त्यांनीच करायचे, संशोधनही त्यांनीच. तिसरा माणूस आणणार कुठून?

नमुना_सात
डॉक्टर एकच असू दे हो. कागद घेऊन दुसरं कुणी जाऊ दे, एवढंच म्हणतेय. आणि सहीआधी एक रात्र मधे जाऊ दे.

उत्तररात्र
इटलीचं उदाहरण कुणीच कसं दिलं नाही? फोंदाझिओने तेलेथोन ही धर्मादाय संस्था आणि मिलानचं सान राफाएले रुग्णालय यांनी मिळून एडीए-एससीआयडी नावाच्या आजारावर जनुकीय उपचार तयार केला. या मुलांना जन्मतःच रोगप्रतिकारशक्ती नसते. २०१० साली जीएसके ही मोठी औषधकंपनी सोबत आली, २०१६ साली युरोपात मंजुरी मिळाली, किंमत ५ लाख ९४ हजार युरो. २०१८ साली जीएसकेने तो ऑर्चर्ड कंपनीकडे सोपवला, काही वर्षांत ऑर्चर्डनेही हात वर केले. शेवटी २०२३ साली संस्थेनेच औषधाची जबाबदारी अंगावर घेतली.

गुणाकार
हेच तर! कंपनीशिवाय चालतं.

वाफाळता
उलटं वाचताय. सहा लाखांच्या घरातली किंमत मिळूनही दोन कंपन्या टिकल्या नाहीत, तर तुम्ही कुठला आकडा लिहून देणार होतात?

उत्तररात्र
दोघांनीही आपापल्या सोयीचं उचललंत. मी हे दिलं कारण यात एक कलम लपलंय. कंपनीने औषध सोडलं तर ते आधी कुणाकडे परत येणार? किमतीवर कंपनी सही करणार नाही, हे वाफाळता यांचं मान्य. पण ज्यात तिला रस उरलेला नाही ते परत द्यायला तिचं काय जातं? त्यासाठी संस्थेकडे फाइल सांभाळणारी, नियामकाला उत्तरं देणारी माणसं हवीत. नुसत्या वर्गणी गोळा करणाऱ्या संस्थेला हे झेपणार नाही.

वाफाळता
परतीचं कलम मान्य. किमतीचं नाही.

बाबा_दोन_मुलींचा
धागा परवापासून वाचतोय, लिहावं की नाही कळत नव्हतं. माझी मोठी मुलगी अशाच एका ट्रायलमध्ये होती, अडीच वर्षं. नेहमीच्या तपासणीत रक्त काढताना दर वेळी एक जास्तीची नळी. ती नळ्या मोजायची आणि वहीत चांदण्या काढायची, एका नळीला एक चांदणी. पन्नासच्या पुढे गेल्या होत्या. मग ट्रायल संपली म्हणाले. काय निघालं, औषध लागू पडलं की नाही, तिला खरं औषध होतं की नुसतं पाणी, काहीही कळवलं नाही. दोनदा फोन केला. रुग्णालय म्हणालं विद्यापीठाला विचारा, विद्यापीठ म्हणालं रुग्णालयाला. संस्थेचं देणगीचं पत्र मात्र दर वर्षी येतं, मुलीच्या वाढदिवसाच्या महिन्यात. किंमत वगैरे मला समजत नाही. त्या चांदण्यांचं काय झालं, एवढंच हवंय.

खडूस_हिशेबनीस
दादा, हे वाचून मी वर लिहिलेलं मलाच फार हुशारीचं वाटायला लागलं.

नमुना_सात
बाबा, संमतीपत्राची तुमची प्रत आहे का? पहिल्या पानावर किंवा पानाच्या तळाशी बारीक अक्षरात नोंदणी क्रमांक असतो. ट्रायल्सच्या सार्वजनिक नोंदवहीत तो टाकून बघा, तिथे निकालासाठी वेगळा रकाना असतो. मुलीला काय दिलं होतं ते तिथे कळणार नाही, त्यासाठी प्रमुख संशोधकाला लेखी पत्र द्या. फोन नको, लेखीच. प्रत संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीला, तिचा पत्ता त्याच कागदावर असतो.

बाबा_दोन_मुलींचा
सापडला क्रमांक, शेवटच्या पानावर होता. नोंदवहीत ट्रायलसमोर 'पूर्ण' लिहिलंय, तारीखही आहे. निकालाचा रकाना रिकामा. पत्र लिहायला बसलोय. तीन बोधचिन्हं आहेत, तिघांच्या नावाने तीन प्रती काढतो.